उपग्रह गच्चीवरून, उल्का गावाबाहेरून: छंदाला खर्च किती?

आभाळातून सरकणारे उपग्रह आणि उल्का पाहायच्या, जमलं तर त्यांचे फोटो काढायचे, असं मनात आलं की बहुतेक जण आधी दुर्बिणीची किंमत विचारतात. मग मुलाच्या वाढदिवसाचं निमित्त होतं आणि खोक्यावर शनीचं रंगीत चित्र असलेली चार-पाच हजारांची दुर्बीण घरात येते. या छंदासाठी तिचा काडीचाही उपयोग नाही. दुर्बिणीतून आकाशाचा जेमतेम चंद्रबिंबाच्या दुप्पट-तिप्पट तुकडा दिसतो. उल्का कुठे चमकेल हे कुणालाच ठाऊक नसतं आणि अवकाश स्थानक तेवढा तुकडा एक-दोन सेकंदांत ओलांडून जातं. तेव्हा यादीतून दुर्बीण पहिल्यांदा खोडा.

उरलेल्या यादीचा विचार करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे दोन छंद एकत्र सांगितले जात असले तरी त्यांचा खर्च अगदी उलट आहे. उपग्रहाला वेळ लागते, उल्केला अंधार. ठळक उपग्रह दादरच्या गच्चीवरूनही दिसतात, त्यामुळे ते पाहायला पैसे लागतच नाहीत. उल्का पाहायलाही उपकरण लागत नाही, पण शहर सोडावं लागतं आणि खरा पैसा पेट्रोल, टोल आणि मुक्कामात जातो. हे न समजल्यामुळे लोक लाखाचा कॅमेरा घेतात आणि तो सोसायटीच्या एलईडी दिव्यांखाली लावतात.

खाली दिलेल्या किमती २०२५च्या सुमाराच्या बाजारातल्या, ढोबळ आहेत. प्रत्यक्षात दहा-वीस टक्के फरक पडेल. कॅमेऱ्याच्या मालाचे भाव डॉलर आणि सणांच्या सेलबरोबर हलतात.

घड्याळ लावून पाहायचे उपग्रह

सुरुवात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून करावी. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतं आणि डोक्यावरून जाताना शुक्राच्या तोडीचं तेजस्वी दिसतं. न लुकलुकणारा, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नसलेला एक ठिपका पाच-सहा मिनिटांत क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जातो. कधी कधी तो आकाशाच्या मध्यावरच मंदावत विझतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे अंधार आणि वर त्याच्यावर ऊन, अशी स्थिती सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयापूर्वीचे दीड-दोन तासच असते. म्हणून मध्यरात्री जागून हे स्थानक शोधण्यात अर्थ नाही.

वेळापत्रक फुकट मिळतं. नासाची ‘स्पॉट द स्टेशन’ सेवा आणि ‘हेवन्स अबव्ह’ हे संकेतस्थळ आपलं ठिकाण दिलं की तारीख, वेळ, दिशा आणि उंची सगळं सांगतं. ठिकाण मात्र स्वतःचंच टाका. मुंबईची वेळ नागपूरला दीडेक मिनिट चुकू शकते आणि आकाशातली वाटही बदलते. ४० अंशांपेक्षा जास्त उंचीवरून जाणारी फेरी निवडा. त्याखालची शहरात इमारतींच्या आड जाते.

त्याच यादीत चीनचं तिआनगोंग स्थानक आणि हबल दुर्बीणही सापडेल. हबलच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. तिची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करते, त्यामुळे महाराष्ट्र-गोव्यातून ती जवळपास डोक्यावरून जाते. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ती क्षितिजावर येतच नाही. स्टारलिंकच्या उपग्रहांची ‘आगगाडी’ दिसते ती उड्डाणानंतरच्या मोजक्या दिवसांत. पुढे ते पांगतात, वर चढतात आणि फिके होतात.

इथपर्यंत खर्च शून्य रुपये. यात भर घालायचीच असेल तर ७×५० किंवा १०×५० मापाची द्विनेत्री घ्या. चांगल्या कंपनीची सात ते बारा हजारांत येते. तिच्यातून मंद उपग्रह दिसतात आणि चंद्र, कृत्तिका, देवयानी दीर्घिका यांसाठीही ती आयुष्यभर कामाला येते. २०×, ३०× असे मोठे आकडे छापलेली स्वस्त द्विनेत्री घेऊ नका. हातात धरली की चित्र थरथरतं.

उपग्रहाचा फोटो म्हणजे त्याच्या वाटेची रेघ. ती हल्लीच्या बऱ्याच फोनमध्येही येते. ‘प्रो’ मोडमध्ये शटर दहा ते तीस सेकंद, आयएसओ १०० ते ४००, फोकस अनंतावर आणि फोन तिवईवर घट्ट. फोनची पकड दोन-तीनशे रुपयांना आणि हलकी तिवई हजार-बाराशेला मिळते. फोन हातात धरून कितीही श्वास रोखला तरी हे जमणार नाही. एकापाठोपाठ एक फोटो काढून ‘स्टारस्टॅक्स’सारख्या मोफत प्रणालीत जोडले की सलग रेघ तयार होते. गच्चीवरच्या टाक्या, अँटेना, समोरचं वडाचं झाड यांपैकी काहीतरी चौकटीत घ्या. नुसत्या काळ्या आकाशातली पांढरी रेघ दुसऱ्यांदा कुणी पाहत नाही.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी एक मजा जरूर करून पाहावी. तिला जादा खर्च नाही आणि ती फारशी कुणी करत नाही. टीव्ही आणि हवामानाचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी खिळलेले दिसतात. ५० मिलिमीटर, एफ १.८चं भिंग लावून कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवा, दक्षिणेकडे खगोलीय विषुववृत्ताच्या किंचित खाली रोखा आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो घेत राहा. एकत्र केल्यावर तारे रेघा होतात आणि उपग्रह ठिपकेच राहतात. भारतीय उपग्रहांच्या काही जागा ७४, ८३ आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशांवर आहेत. त्यातली ७४ची जागा मुंबई-पुण्याहून जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून ६७-६८ अंश उंच येते. दूरदर्शनची फ्री डिश ज्याच्यावरून येते तो जीसॅट-१५ आहे ९३.५वर, म्हणजे पूर्वेकडे झुकलेला. हे ठिपके फार मंद असतात, म्हणून यासाठी शहर सोडावं लागेल. पण उल्का पाहायला गेलात की संध्याकाळ मोकळीच असते.

उल्का: कॅलेंडर आधी, कॅमेरा नंतर

उल्कांच्या बातम्यांमध्ये ‘तासाला शंभर’ असा आकडा येतो आणि लोक गच्चीवर दोन तास बसून चिडून खाली उतरतात. तो आकडा आदर्श स्थितीचा असतो. निखळ काळं आकाश, उल्का जिथून फुटताना दिसतात तो बिंदू थेट डोक्यावर, आणि चंद्र नाही. चांगल्या खेडेगावातून त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत उल्का हाती लागतात आणि शहरातून दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. त्यामुळे पैसे कुठल्या रात्री खर्च करायचे हाच मुख्य प्रश्न आहे.

जगभर गाजणारा ययाति उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टला येतो. आपल्याकडे तो ढगांच्या वर होतो. २०२६मध्ये १२ ऑगस्टला नेमकी आषाढ अमावस्या आहे, चंद्राचा अडथळा नाही, आणि तरीही सह्याद्रीत खोली आरक्षित करू नका. पावसाळी सहलीचे दर त्या दिवसांत चढे असतात आणि आकाश दिसेल याची खात्री कुणीच देत नाही. नोव्हेंबरच्या १७-१८ तारखांचा सिंह राशीतला वर्षाव १९९८ ते २००२ या काळात फार गाजला. तो टेम्पल-टटल धूमकेतूमुळे होतो आणि तो धूमकेतू ३३ वर्षांनी सूर्याजवळ येतो. मधल्या वर्षांत तासाला दहा-पंधरावर समाधान मानावं लागतं. मेच्या पहिल्या आठवड्यातला कुंभ राशीतला वर्षाव हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीचा असतो. तो पहाटे तीननंतर पाहावा लागतो, पण आपल्या अक्षांशांवरून युरोपपेक्षा चांगला दिसतो आणि तोवर ढगही आलेले नसतात.

महाराष्ट्रात पैसे लावावेत ते मिथुन राशीतल्या उल्कांवर, म्हणजे १३-१४ डिसेंबरला. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, रात्र मोठी. उल्कांचा उगमबिंदू रात्री आठच्या सुमारास वर येतो आणि दोनच्या सुमारास डोक्याच्या जवळ पोचतो. या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाच्या, म्हणजे ययातीच्या ५९ किलोमीटरच्या मानानं संथ. त्यामुळे फोटोतही त्या जास्त ठळक उमटतात. त्यांचा उगम धूमकेतूत नाही, तर फेथॉन या लघुग्रहात मानला जातो. २०२६ साली १३ आणि १४ डिसेंबरला मार्गशीर्ष शुद्ध पक्षातली कोर असेल, ती दहा-अकराच्या सुमारास मावळेल आणि उरलेली रात्र तुमची. २०२७मध्ये १३ डिसेंबरलाच मार्गशीर्ष पौर्णिमा आहे. त्या वर्षी दत्तजयंतीचा प्रसाद घ्या, उल्कांसाठी पैसे घालू नका.

जाण्या-येण्याचा हिशेब

सगळ्यात स्वस्त वाट संस्थेबरोबर जाण्याची. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आलं आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते. वांगणी कर्जत मार्गावर आहे, लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट पन्नास रुपयांच्याही आत. कार्यक्रमाचं शुल्क साधारण काहीशे रुपये असतं, नक्की आकडा संस्थेलाच विचारा. नवख्याला नक्षत्रं ओळखायला कुणीतरी शेजारी लागतं आणि ते कुठल्याही ॲपपेक्षा इथे चांगलं मिळतं. पहिल्या वर्षी याहून वेगळं काही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उणीव एकच. शंभर माणसांत कुणीतरी फोनचा टॉर्च लावतोच.

स्वतः जायचं तर गाडीचा हिशेब असा. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर धरले तर २० लिटर पेट्रोल, सुमारे २,१०० रुपये. टोल तीनशे ते साडेसहाशे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग धरला तर एका बाजूचा टोल एकटाच ३२० रुपये होतो. कृषी पर्यटन केंद्रात जेवण-नाश्त्यासह माणशी बाराशे ते अडीच हजार. चौघे मिळून गेलात तर माणशी दोन-तीन हजारांत रात्र होते. आरक्षण करताना खोलीच्या फोटोंऐवजी एकच प्रश्न विचारा: रात्री दहानंतर अंगणातले दिवे बंद कराल का? मालक ‘सुरक्षेसाठी ठेवावे लागतात’ म्हणाला तर दुसरीकडे फोन लावा. हॅलोजनच्या उजेडात स्विमिंग पूल असलेलं रिसॉर्ट कितीही महाग असो, उल्कांसाठी ते कुचकामी आहे.

विदर्भातल्या लोकांना दूर जाण्याची गरज नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आणि नागपूरहून ते दोनेक तासांवर आहे. मात्र ते वाघांचं जंगल आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि ठरलेल्या जागेबाहेर रात्री थांबता येत नाही. इतर वनहद्दीत आणि गडांवरही मुक्कामाचे निर्बंध आहेत, ते आधी विचारून घ्या. जुन्नर-आंबेगाव भागातलं आकाश मोहात पाडतं, पण तिथे उसाच्या कडेला सतरंजी अंथरून पडू नये. बिबट्याचा वावर असलेल्या भागात खुर्चीत बसायचं, गटानं बसायचं आणि गावात सांगून बसायचं. पोलीसपाटलाला केलेला एक फोन फुकट असतो, आणि रात्री एक वाजता कॅमेरे मांडून बसलेली माणसं पाहून गाव जमा होण्यापेक्षा तो बरा.

बाकी सामान किरकोळ. पाठ टेकवून आकाशाकडे तोंड करता येईल अशी घडीची आरामखुर्ची दीड ते अडीच हजारांत. घरी असेल तर चटई आणि उशी. डिसेंबरच्या पहाटे जुन्नर-नाशिकच्या बाजूला थंडी हाडापर्यंत जाते, घोंगडी न्या. टॉर्चवर दहा रुपयांचा लाल जिलेटिन कागद रबरानं बांधा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडानं ती क्षणात मोडते.

कॅमेरा: पैसा कुठे घालायचा

उल्का सेकंदाभरात निघून जाते. शटर वीस सेकंद उघडं ठेवलं म्हणून तिची रेघ जास्त उजळ येत नाही, उलट मागचं आकाश तेवढं पांढरं होतं. भिंगाचं तोंड किती मोठं यावर तिचा उजळपणा ठरतो. कॅमेऱ्याचं नवं मॉडेल घेण्यापेक्षा पैसा भिंगात घालावा तो याच कारणानं.

वापरलेला, सुरुवातीच्या वर्गातला डीएसएलआर १८-५५ मिलिमीटरच्या किट भिंगासह अठरा ते पंचवीस हजारांत मिळतो. तसाच नवा घेतला तर चाळीस-पंचेचाळीस हजार. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुन्या-नव्याची तुलना एकाच फेरीत होते. जुना घेताना शटरचे क्लिक किती झाले ते विचारा. या वर्गातल्या शटरचं आयुष्य साधारण एक लाख क्लिक धरतात. उल्कांच्या एका रात्रीत ताशी अडीचशेच्या हिशेबानं सहा तासांत दीड हजार क्लिक होतात. म्हणजे एका रात्रीत कॅमेऱ्याचा दीड टक्का जीव जातो. हा खर्च कुणी मोजत नाही, पण तो असतो. त्या मानानं शटरचा झिजणारा पडदा नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक शटरच्या मिररलेस कॅमेऱ्याला इथे खरा फायदा आहे.

भिंगांबाबत सगळे १४ मिलिमीटर, एफ २.८ सुचवतात. ते तीस हजारांच्या आसपास पडतं. त्याच्यात आकाश खूप मावतं हे खरं, पण मंद उल्का पकडण्यात ते किटच्या भिंगापेक्षा थोडंच पुढे असतं. बारा हजारांच्या आत-बाहेर मिळणारं २४ मिलिमीटर, एफ २.८चं छोटं भिंग किटच्या दुपटीनं उजळ रेघ देतं आणि आकाशही पुरेसं घेतं. मला विचाराल तर हेच घ्या. एफ १.४ किंवा १.८चं रुंद भिंग याहून कितीतरी सरस, पण तीस हजारांच्या पुढे. ते एका रात्रीसाठी भाड्यानं आणा. मुंबई-पुण्यात दिवसाला पाचशे ते हजार रुपये आणि अनामत रक्कम लागते. वर्षातून एक-दोन रात्रींसाठी हा व्यवहार विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

तिवईत कंजूषी नको. हजाराची प्लास्टिकची तिवई वाऱ्यात थरथरते, चार-पाच हजारांची ॲल्युमिनियमची घ्या आणि मधल्या हुकाला पिशवीत दगड भरून लटकवा. आपोआप फोटो घेणारा रिमोट आठशे ते पंधराशे, ६४ जीबीचं कार्ड हजाराच्या आसपास, दोन जादा बॅटऱ्या मिळून दीड हजार. भिंगावर दव धरू नये म्हणून पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा हजार-दोन हजारांत मिळतो. कोकणात आणि धरणाकाठी तो हवाच.

मांडणी: फोटो रॉ स्वरूपात, आयएसओ १६०० ते ३२००, भिंग पूर्ण उघडं, फोकस ठळक ताऱ्यावर हातानं जुळवून कड्यावर चिकटपट्टी. २४ मिलिमीटरच्या भिंगाला छोट्या सेन्सरवर शटर तेरा सेकंदांपुढे नेऊ नका, तारे लांबट होतात. कॅमेऱ्यातली ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ ही सोय बंद करा. ती चालू राहिली तर कॅमेरा अर्धी रात्र स्वतःशीच हिशेब करत बसतो आणि नेमकी मोठी उल्का तेव्हाच जाते. कॅमेरा उगमबिंदूवर रोखू नका, त्याच्यापासून ४०-५० अंश बाजूला रोखा. तिथल्या रेघा लांब येतात. फोटो जोडण्यासाठी ‘सिक्वेटर’ मोफत आहे.

लोक विसरतात तो खर्च पावसाळ्याचा. आपल्या दमट हवेत जून ते सप्टेंबर भिंगाला बुरशी लागते आणि ती काढून घ्यायला दीड ते तीन हजार जातात. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल पाच-सातशे रुपयांत येतं. मोठा संग्रह झाला तर आर्द्रता राखणारं कपाट आठ-दहा हजारांचं.

सूर्य किंवा चंद्रबिंबावरून जाणारं अवकाश स्थानक टिपायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ते संक्रमण सेकंदभराचं, पट्टा काही किलोमीटर रुंदीचा, त्यामुळे जागा आणि क्षण दोन्ही अचूक हवेत. सूर्यासाठी भिंगावर खास सौर फिल्म लागते, दोन-तीन हजारांपासून पुढे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच असले उपाय करू नका. डोळा गेला तर तो कुठल्याच किमतीला परत मिळत नाही.

ज्यांना एकदाच पैसे घालून वर्षभर घरबसल्या उल्का पकडायच्या आहेत, त्यांनी ‘ग्लोबल मिटिऑर नेटवर्क’ची माहिती घ्यावी. सुरक्षेच्या कॅमेऱ्यात वापरतात तसला संवेदनशील कॅमेरा आणि रास्पबेरी पाय संगणक गच्चीवर बसवला की तो रात्रभर स्वतःच उल्का ओळखतो. प्रणाली मोफत, साहित्य वीस-तीस हजारांचं. गच्चीवर वीज आणि इंटरनेट अखंड हवं, म्हणून सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

आणि बिनखर्चाची एक नोंद. २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून आगीचा एक लोळ तुटत-तुटत आडवा जाताना दिसला. लोकांना तो उल्कावर्षाव वाटला. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. उल्का एक-दोन सेकंदांची असते. मिनिटभर रेंगाळणारं, तुकडे होत जाणारं काही दिसलं तर ते माणसानं वर पाठवलेलं समजा आणि लगेच फोन बाहेर काढा. वेळ, दिशा आणि तुम्ही उभे होता ती जागा लिहून ठेवा. खरी मोठी उल्का दिसली तर हीच माहिती आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या मोफत अर्जात भरता येते. तुकडा पडलेला सापडला तर त्याला हात न लावता तहसील कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवा.

पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक विचाराल तर आरामखुर्ची, जिलेटिन कागद, फोनची पकड आणि तिवई, संस्थेबरोबरची एक रात्र: पाच हजारांच्या आत. कॅमेरा दुसऱ्या वर्षी घ्या, तोही डिसेंबरची एक रात्र शेवटपर्यंत जागून काढल्यानंतरच.